पडदा कोणापुढे? मुनिरका, दिल्ली आणि स्त्रीच्या डोईवरील वस्त्र

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून असलेले मुनिरका हे मूळचे टोकस गोत्राच्या जाटांचे गाव. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत रामकृष्ण पुरमची सरकारी वसाहत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका यांच्यासाठी गावाची शेती संपादित होत गेली आणि शेवटी गावठाण तेवढे मागे उरले. जवळच्या रामकृष्ण पुरममधील लोदीकालीन घुमट आणि गावाच्या नावाने ओळखली जाणारी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, या परिसराचे जुनेपण सांगतात. मात्र त्याचे आजचे स्वरूप १९६९ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाने आणि त्यामागोमाग आलेल्या भाडेकरूंनी घडवले आहे. घरांवर मजले चढत गेले आणि त्या मजल्यांत काश्मीर, केरळ, मराठवाडा, मणिपूर, नागालँड, मिझोरम अशा प्रांतांतील तरुण-तरुणी राहू लागले. त्यामुळे ओढणीचा घूंघट घेतलेली वयस्कर जाट स्त्री, हिजाब घेतलेली मुस्लिम विद्यार्थिनी आणि डोक्यावर काहीच न घेणारी ईशान्येकडील ख्रिस्ती तरुणी या एकाच अरुंद गल्लीतून जातात आणि एकमेकींच्या पेहरावाविषयी काही ना काही मत बाळगून असतात.

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मातील स्त्रियांच्या शिरोवस्त्राविषयीची चर्चा बहुधा ते धर्मग्रंथात सांगितले आहे की नाही, या प्रश्नापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच अडकून पडते. दिल्लीचा इतिहास पाहू लागले की त्याहून अधिक उपयोगी प्रश्न समोर येतो, तो म्हणजे हे वस्त्र कोणापुढे घेतले जाते आणि कोणापुढे घेतले जात नाही. या प्रश्नाची उत्तरे जाट, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तिन्ही परंपरांत वेगळी आहेत आणि पाहणाऱ्याचे गैरसमज बहुतांशी हा वेगळेपणा लक्षात न घेतल्यामुळे झालेले आहेत.

या दोन धर्मांचा विचार करण्याआधी मुनिरक्याच्या मूळ रहिवाशांकडे पाहणे भाग आहे, कारण नवागत स्त्रियांकडे पाहणारी नजर त्यांच्या चालीरीतींतून आलेली आहे. दिल्ली-हरियाणातील जाट समाजात घूंघट हा सासरचा नियम आहे. नवऱ्याहून वयाने मोठ्या असलेल्या पुरुषांपुढे, म्हणजे सासरा, मोठा दीर आणि नात्याने त्यांच्या जागी असलेला गावातील कोणीही वडीलधारा यांच्यापुढे, सुनेने ओढणी चेहऱ्यावर ओढायची असते. धाकट्या दिरापुढे ती घ्यावी लागत नाही आणि माहेरच्या गावात तर ती गावाची मुलगी असल्यामुळे तोंड झाकण्याचा प्रश्नच येत नाही. बाजारात भेटणारा परका पुरुष, फेरीवाला किंवा बसमधला सहप्रवासी या नियमाच्या बाहेर राहतो, कारण त्याच्याशी मान राखण्याचे नाते नसते. एकच स्त्री शहरात उघड्या चेहऱ्याने वावरते आणि गावाच्या वेशीशी येताच ओढणी पुढे ओढते, यात विसंगती दिसते ती बाहेरच्याला.

इतिहासकार प्रेम चौधरी यांनी ग्रामीण हरियाणातील स्त्रियांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १८८० ते १९९० या काळाचा मागोवा घेऊन दाखवले आहे की या प्रदेशात घूंघट आणि शेतातील कष्ट यांत विरोध नव्हता. जाट स्त्री नांगरट सोडून शेतीची बहुतेक कामे करी, गुरे सांभाळी, शेणी थापी आणि हे सारे करताना चेहरा झाकलेला ठेवी. वासाहतिक अधिकारी तिच्या कष्टाळूपणाची तारीफ करत आणि तिच्या अवगुंठनाची फारशी चिंता करत नसत. विधवेचे दिराशी लग्न लावून देण्याची, म्हणजे करेव्याची, जी चाल तिथे होती तिचा मुख्य विधीच मुळी वस्त्राचा होता: जमलेल्या भाऊबंदांसमोर पुरुषाने विधवेच्या डोक्यावर चादर घालायची, की ती त्याची बायको झाली. या चालीमागे विधवेच्या वाट्याची जमीन घराबाहेर जाऊ नये हा हिशेब होता, असे चौधरी यांचे प्रतिपादन आहे. डोईवरचे कापड इथे कुळाचा हक्क सांगत होते, आणि त्यासाठी कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार कोणी शोधला नव्हता.

इस्लाममधील नियमाचा रोख याच्या उलट आहे. कुराणाच्या चोविसाव्या सूऱ्यात श्रद्धावान स्त्रियांनी आपली खिमार, म्हणजे डोक्यावरून घेण्याची ओढणी, छातीवर घ्यावी असे सांगून लगेच ज्यांच्यापुढे ही बंधने नाहीत अशा आप्तांची यादी दिली आहे, आणि तीत बाप, मुलगा, भाऊ, भाचा यांच्याबरोबर सासराही आहे. ज्यांच्याशी विवाह कायमचा निषिद्ध आहे अशा आप्तांना मेहरम म्हणतात. त्यांच्यापुढे स्त्री मोकळी असते आणि आवरण असते ते परक्या पुरुषासाठी. जाट सून ज्या सासऱ्यापुढे तोंड झाकते त्याच्यापुढे मुस्लिम सुनेला ते झाकण्याचे धार्मिक बंधन नाही, आणि ज्या परक्यापुढे मुस्लिम स्त्री आवरण घेते त्याची जाट सुनेला फिकीर नाही. भारतीय मुसलमानांतल्या अनेक समाजांनी शेजारच्या हिंदूंकडून सासऱ्यापुढचा पदरही उचलला आणि दोन्ही नियम एकत्र पाळले, हा भाग वेगळा.

नियम ग्रंथात असला तरी तो कोणी आणि किती पाळायचा हे फार पूर्वीपासून दर्जावर ठरत आले. इस्लामपूर्वी सुमारे सतराशे वर्षे असलेल्या मध्य-असिरियन कायद्यांत विवाहितेने डोके झाकावे आणि वेश्येने वा दासीने झाकल्यास तिला शिक्षा व्हावी, असे कलम होते. मध्ययुगीन इस्लामी धर्मशास्त्रातही स्वतंत्र स्त्री आणि दासी यांच्यासाठी अंग झाकण्याच्या मर्यादा वेगळ्या सांगितल्या गेल्या. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (राज्यकाल १३५१ ते १३८८) याने आपल्या कारकिर्दीची हकीकत लिहिताना, सणावारी दिल्लीतल्या स्त्रिया पालख्यांतून, गाड्यांतून, घोड्यांवरून आणि घोळक्याघोळक्याने पायी शहराबाहेरच्या दर्ग्यांना जात आणि आपण ते बंद केले, असे अभिमानाने नोंदवले आहे. बंदी घालावी लागली याचाच अर्थ असा की इस्लामी सत्तेच्या राजधानीत दीडशे वर्षे लोटल्यानंतरही मुसलमान स्त्रिया मोठ्या संख्येने बाहेर पडत होत्या.

त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी रझिया सुलताना (१२३६ ते १२४०) दिल्लीच्या तख्तावर होती. तिच्या काळातला इतिहासकार मिन्हाज-उस्-सिराज सांगतो की तिने स्त्रीवेश टाकून कबा हा अंगरखा आणि कुलाह ही टोपी धारण केली, ती पडद्याबाहेर आली आणि हत्तीवरून जाताना लोकांना उघड दिसू लागली. त्याने तिच्या राज्यकर्त्याला शोभणाऱ्या गुणांची स्तुती केली आणि ती पुरुष नसल्यामुळे त्या गुणांचा उपयोग झाला नाही, अशी हळहळ व्यक्त केली. हीच हकीकत शतकानंतर इसामीने लिहिली तेव्हा तिचा सूर पार बदलला होता. मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना देवगिरी-दौलताबादेस हलवले त्या वेळी दख्खनमध्ये आलेल्या आणि १३५० च्या सुमारास बहमनी दरबाराच्या आश्रयाने लिहिणाऱ्या या कवीला रझियाचे पडदा सोडणे हे तिच्या सगळ्या दोषांचे मूळ वाटते, आणि बाईने चरख्यापाशी बसावे असा उपदेशही तो करून टाकतो. त्या उपदेशामुळे हिंदुस्थानातील चरख्याचा एक अतिशय जुना उल्लेख अभ्यासकांच्या हाती लागला, एवढे श्रेय इसामीला द्यायला हरकत नाही.

दर्जानुसार नियम बदलण्याचा हा प्रकार मराठी मुलखातही होता. तिथे उच्चकुलीन मराठा घराण्यांत गोषा होता, म्हणजे स्त्रियांनी परपुरुषाच्या दृष्टीस न पडण्याचा रिवाज होता, आणि तो घराण्याच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानला जाई. शेतकरी कुणबी बाईला गोषा परवडणारा नव्हता, तिचा डोक्यावरचा पदर तेवढा होता. ब्राह्मण सुवासिनी उघड्या डोक्याने वावरे आणि केशवपन झालेल्या विधवेला मात्र अलवणाचा पदर डोक्यावरून घ्यावा लागे. राजघराण्यांत ही चाल किती घट्ट होती आणि ती आतूनच कशी सैलावली याचे उदाहरण अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या दोन अध्यक्षांत सापडते. १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या परिषदेच्या अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड या गोषातून बाहेर पडलेल्या होत्या; १९२८ च्या दिल्ली परिषदेच्या अध्यक्ष भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी पंचवीस वर्षे बुरख्यात राहून राज्य केले, पडद्याच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले आणि आयुष्याच्या अखेरीस पडदा सोडला. एक हिंदू आणि एक मुसलमान अशा या दोघींचा प्रवास धर्मांपेक्षा संस्थानिक घराण्यांच्या रीतीतून अधिक चांगला समजतो.

ख्रिस्ती परंपरेत आवरणाची दिशा आणखी निराळी आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक झाकावे असे सांगितले आहे. नियमाचा प्रसंग उपासनेचा आहे, आणि पुढील शतकांत चर्चने तो मुख्यतः प्रार्थनामंदिराच्या उंबरठ्याशी बांधला. कार्थेजचा धर्मलेखक टर्टुलियन याने तिसऱ्या शतकाच्या आरंभी कुमारिकांच्या अवगुंठनावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, आणि ख्रिस्ती स्त्रियांना लाजवण्यासाठी त्याने जे उदाहरण दिले ते, एक डोळा तेवढा उघडा ठेवून सगळा चेहरा झाकणाऱ्या अरबस्तानातील मूर्तिपूजक स्त्रियांचे होते. इस्लामचा उदय व्हायला तेव्हा चारशे वर्षे अवकाश होता. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असा नियम होता; १९७६ मध्ये व्हॅटिकनने ही काळानुरूप रूढी असल्याचे म्हटले आणि १९८३ च्या संहितेतून तो नियम वगळला गेला. व्रतस्थ सिस्टरचे शिरोवस्त्र टिकले ते या नियमामुळे नव्हे. ते तिच्या व्रताचे चिन्ह आहे आणि संसारी ख्रिस्ती बाईवर त्याचे बंधन कधीच नव्हते.

भारतात या नियमाला देशी कापड मिळाले. गोव्यातील कॅथलिक स्त्रिया चर्चला जाताना साडीवरून ओल नावाची पांढरी चादर डोक्यावरून घेत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन बायकांतही लुगड्यावर ओल घेण्याची चाल होती. केरळच्या सीरियन ख्रिस्ती बायका चट्टा-मुंडूवर कवणी नावाचे तलम वस्त्र घेत. गोव्यातील धर्मसमीक्षण न्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्त्यांच्या हिंदू धाटणीच्या पोशाखावर बंधने घातली, तरी चर्चला जाणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चादर विसाव्या शतकापर्यंत राहिली. मदर तेरेसा यांनी १९४८ मध्ये निळ्या काठाची पांढरी साडी स्वीकारली तेव्हा युरोपीय जोगिणीच्या शिरोवस्त्राची जागा सरळ पदराने घेतली, आणि बहुसंख्य हिंदू समाजाला ते वस्त्र परके वाटेनासे झाले.

दिल्लीच्या इतिहासात इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म या दोहोंचा पडद्याशी असलेला संबंध एकाच व्यक्तीत पाहायचा तर सरधन्याच्या बेगम समरूकडे वळावे लागते. मुसलमान म्हणून वाढलेली ही स्त्री वॉल्टर राइनहार्ट या युरोपीय भाडोत्री सेनानीची सहचरी होती. १७७८ मध्ये तो मरण पावल्यावर त्याच्या पलटणी आणि जहागीर तिने ताब्यात ठेवली आणि १७८१ मध्ये आग्र्यास कॅथलिक बाप्तिस्मा घेऊन ती योआना झाली. बादशहा शाह आलमचे रक्षण करणारी म्हणून दरबारात तिचा मान होता, महादजी शिंदे यांच्याशी तिने जुळवून घेतले होते आणि सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर तिच्या पलटणी दौलतराव शिंदे यांच्या बाजूला होत्या. धर्मांतराबरोबर तिचा पडदा सुटला असेल, अशी अपेक्षा आजचा वाचक करील. जॉर्ज थॉमस या तिच्याच पदरी राहिलेल्या आयरिश सेनानीचे चरित्र विल्यम फ्रँकलिन याने १८०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील वर्णनानुसार ती घराबाहेर किंवा भर दरबारात तोंड उघडे ठेवून येत नसे. तिच्या दालनाच्या दर्शनी बाजूला छतापासून चिक, म्हणजे बारीक कामट्यांचे पडदे, सोडलेले असत आणि कामकाजासाठी आलेले लोक पलीकडे उभे राहून तिच्याशी बोलत; वरच्या दर्जाच्या युरोपीय अधिकाऱ्यांना मात्र ती आपल्या जेवणाच्या मेजावर बोलावी, आणि तो मान एतद्देशीयांना मिळत नसे. बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनीही ती हिंदुस्थानी सरदारासाठी पडद्यातली बेगम होती आणि गोऱ्या अधिकाऱ्यासाठी यजमानीण. चित्रांतून ती शाल, पगडीवजा शिरोभूषण आणि हुक्का अशा थाटात दिसते. सरधन्याचे भव्य चर्च तिनेच बांधले. तिचा धर्म बदलला, पण पडदा कोणापुढे धरायचा हे दरबारी राजकारणच ठरवत राहिले.

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी स्त्रियांनी मात्र पडद्याकडे फक्त धर्माच्या चष्म्यातून पाहिले. झनान्यात, म्हणजे घरातील स्त्रियांच्या भागात, जाऊन शिकवणाऱ्या आणि उपचार करणाऱ्या या स्त्रियांच्या अहवालांत मुस्लिम व उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे चित्र बंदिवानाचे असे. गंमत अशी की ते लिहिणारी इंग्रज बाई स्वतः बॉनेट घातल्याशिवाय रविवारच्या प्रार्थनेला गेली नसती. तरीही या कामातून दिल्लीला मोठा लाभ झाला हे नाकारता येत नाही, कारण पुरुष डॉक्टरपुढे न येणाऱ्या स्त्रियांसाठी सुरू झालेल्या वैद्यकीय सेवेतूनच १८८५ मध्ये सेंट स्टीफन्स रुग्णालय उभे राहिले. पडदा नेमका कोणापुढे आहे हे ओळखले की तो कायम ठेवूनही काम होते, हे त्या डॉक्टरणींना त्यांच्या अहवालांपेक्षा चांगले कळले होते.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न न्यायालयांसमोर आला तेव्हा त्यांनी ग्रंथाची वाट धरली. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून एखादी प्रथा त्या धर्माचे अत्यावश्यक आचरण आहे का, अशी कसोटी रूढ झाली, आणि शिरोवस्त्राला ती लावताना न्यायाधीशांना कुराणाचे भाष्यकार व्हावे लागले. जुलै २०१५ मधील अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत या कसोटीच्या मर्यादा उघड झाल्या. कपड्यांत दडवलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी कॉपी झाल्यामुळे आधीची परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली होती आणि फेरपरीक्षेसाठी पोशाखाचे कडक नियम करण्यात आले होते. केरळ उच्च न्यायालयाने दोन मुस्लिम विद्यार्थिनींना हिजाब घेऊन बसू दिले. अट एवढीच की त्यांनी अर्धा तास आधी यावे आणि गरज पडल्यास स्त्री पर्यवेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी. आवरण परपुरुषापुढचे असल्याने बाईने तपासले तर अडचण उरत नाही, हे त्या आदेशाने अचूक हेरले होते. सर्वोच्च न्यायालयात मात्र २४ जुलैला सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांच्या पीठाने अशीच सवलत मागणारी याचिका ऐकण्यास नकार दिला आणि तीन तास ओढणी न घेतल्याने श्रद्धा नाहीशी होत नाही, अशा आशयाचा शेरा मारला. दुसऱ्याच दिवशी तिरुवनंतपुरममध्ये एका कॅथलिक सिस्टरला शिरोवस्त्र आणि क्रूस काढण्यास सांगण्यात आले आणि ती परीक्षा न देता परतली. मुस्लिम मुलींसाठी केलेला युक्तिवाद तिला लागूच पडणारा नव्हता: तिचे वस्त्र परक्या पुरुषापासून लपण्यासाठी नाही, आणि ख्रिस्ती धर्मात ते प्रत्येक स्त्रीला अत्यावश्यक आहे असे खुद्द चर्चही म्हणणार नाही, तरी व्रत घेतलेल्या स्त्रीसाठी ते परीक्षेच्या तीन तासांपुरते उतरवून ठेवण्यासारखेही नाही.

कोणापुढे हा विचार न्यायालयांना अगदीच अपरिचित आहे असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये शाळेत डोके झाकू द्यावे अशी एका मुस्लिम मुलीची याचिका फेटाळताना शाळा केवळ मुलींची असल्याने तिथे डोके न झाकल्यास धर्माज्ञेचा भंग होत नाही, असे म्हटले होते. निकाल मुलीविरुद्ध गेला, पण विचाराची दिशा धर्मशास्त्राच्या जवळची होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये हिजाब अत्यावश्यक आचरण नाही असा निर्णय दिला. त्यावरील अपिलात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. सुधांशू धुलिया यांच्यात मतभेद झाला. अत्यावश्यकतेच्या वादात शिरण्याची गरजच नव्हती, ही मुलीची निवड आणि तिचे शिक्षण यांची बाब आहे, असे न्या. धुलिया यांचे म्हणणे होते. चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने वर्गात हिजाब, टोपी, बॅज इत्यादींवर घातलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कायम ठेवली, तेव्हा ऑगस्टमध्ये तिला अंशतः स्थगिती देताना सर्वोच्च न्यायालयाने टिकली आणि टिळ्याचे काय, असा प्रश्न महाविद्यालयाला केला. बहुसंख्याकांचे चिन्ह रूढी म्हणून नजरेआड होते आणि अल्पसंख्याकांचे तेवढे धर्म म्हणून डोळ्यांत भरते, ही त्या प्रश्नामागची जाणीव उशिराची असली तरी महत्त्वाची आहे.

मुनिरक्यातील ईशान्येकडच्या ख्रिस्ती तरुणींच्या वाट्याला याच नजरेची दुसरी बाजू आली. नागा टेकड्यांत १८७० च्या दशकापासून अमेरिकन बॅप्टिस्ट मिशन आणि मिझो टेकड्यांत १८९४ पासून प्रॉटेस्टंट मिशनरी पोहोचले. या चर्चमध्ये कॅथलिक धर्तीचे शिरोवस्त्र रुजले नाही आणि रविवारचा मानाचा पोशाख म्हणून हातमागावर विणलेले मेखला किंवा पुआन हेच कमरेचे वस्त्र मान्यता पावले. आठवडाभर नोकरी किंवा अभ्यास करून रविवारी न चुकता प्रार्थनेला जाणारी तरुणी तिच्या समाजात धर्मनिष्ठ ठरते; दिल्लीतील शेजाऱ्याला मात्र तिच्या पेहरावात धर्माची कोणतीही खूण दिसत नाही, कारण त्याच्या मनात ख्रिस्ती धर्मनिष्ठ स्त्री म्हणजे पांढऱ्या साडीतली सिस्टर. गावाच्या जुन्या नियमांतही तिला जागा नाही: ती गावाची सून नसल्याने तिच्या ओढणीची अपेक्षा करता येत नाही, आणि गावाची मुलगी नसल्याने माहेरवाशिणीला मिळणारी मोकळीकही तिला मिळत नाही. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थी व पाहुण्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली, तेव्हा तीत उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांचा विचार करा या सल्ल्याबरोबर तरुणींनी अंगप्रदर्शन करणारे कपडे टाळावेत आणि स्थानिक लोकांच्या भावना लक्षात घेऊन पोशाख करावा, असाही सल्ला होता. पुस्तिकेवर ईशान्येकडून बरीच टीका झाली. स्थानिक लोकांनी भाडेकरू मुलींकडे कसे पाहावे याविषयीची पुस्तिका मात्र तेव्हा कोणी काढली नाही.